चिठ्ठी लपवू नका
(ग्रामसंघाच्या सभेतील बोलणे)



तपासणीत पिशवीच्या तोंडाला औषध लावल्यावर पांढरा डाग दिसला, की बाई घाबरते, चिठ्ठी डब्यात लपवते. बायांनो, डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही. पुढे दुर्बिणीतून बघतात, गरज पडली तर लहानसा तुकडा काढून तपासतात. कॅन्सर व्हायला बहुतेकदा बरीच वर्षं लागतात. आधीच सापडलं तर उपचार सोपा असतो.

लाज वाटते? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या, १९८९ साली ते छापून आलं. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. दुखणं एकटीचं नाही.

तेंदूचा हंगाम सरू दे, मग जाऊ, असं म्हणू नका. भाड्याला गटातून कर्ज काढा, सोबत एक मैत्रीण न्या. पण तारखेला जाच!