आटे, नंबर आणि एक जुनी अॅम्बॅसडर



कोलकात्यात एल्गिन रोडवरच्या नेताजी भवनात एक जर्मन गाडी जपून ठेवली आहे. वांडरर, नंबर बीएलए ७१६९. जानेवारी १९४१ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यातून सुभाषबाबू निसटले ते याच गाडीतून. पुतण्या शिशिर गाडी चालवत होता, आणि पुढे गोमोह स्थानकावर त्यांनी आगगाडी पकडली. ऑडीसारखीच वांडररही ऑटो युनियनमधल्या चार कंपन्यांपैकी एक. त्या नात्यानं ऑडीच्या मदतीनं गाडीची दुरुस्ती झाली आणि १८ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते ती पुन्हा लोकांसमोर आली. तिथं रंग ताजा आहे म्हणून कुणाचं काही अडत नाही. गाडी तीच आहे, एवढं पुरे.

गाडी विकत घ्यायची असली की मात्र ‘तीच’ हा शब्द एकेका पार्टाला विचारावा लागतो.

गेल्या हिवाळ्यात एका मित्रानं मला अॅम्बॅसडर पाहायला नेलं. ही गाडी हुगळीकाठी उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनायची, २०१४ पर्यंत. मालक म्हणाले, १९५८ ची आहे, सगळं ओरिजिनल. मी आधी आरसी बुक मागितलं. चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकात काय, गाडीवर काय, हे अक्षर-अक्षर लावून पाहिलं. नंबराच्या आसपासचा पत्रा घासलेला आहे का, आकडे एका रांगेत आणि एका खोलीचे आहेत का, पाटीला रिबिट आहेत की नवे स्क्रू, हे टॉर्चच्या तिरक्या उजेडात दिसतं. सरळ उजेडात नाही दिसत.

चासी नंबर जुळला. इंजिन नंबर पुस्तकात वेगळा होता. बॉनेट उघडल्यावर कारण कळलं. सुरुवातीच्या अॅम्बॅसडरला १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, आणि इथं वर रॉकर कव्हर दिसत होतं, म्हणजे व्हॉल्व्ह वर असलेलं, नंतरचं १४८९ सीसीचं. डायनामोवर लुकास-टीव्हीएसचं नाव. ही कंपनीच १९६१ साली सुरू झाली, तेव्हा तिचा डायनामो १९५८ च्या गाडीला कारखान्यातून लागणं शक्यच नाही.

मग नट-बोल्ट. या गाडीचे आटे इंची मापाचे. मागच्या बंपरच्या बोल्टाला माझा दहा मिलिमीटरचा पाना चपखल बसला, तेव्हा तो बोल्ट बराच अलीकडचा. लोहचुंबक मडगार्डवर फिरवला तर दोन जागी निसटला, आत पुट्टी भरलेली. १९३० च्या आसपासची गाडी असती तर मी दारांचे स्क्रूही पाहिले असते, कारण चौफुली खाचेचे स्क्रू त्यानंतर आले.

बदललेल्या पार्टाचा मला राग येत नाही. आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते, त्या काळात इथल्या मिस्त्रींनी लेथवर बुश घडवून, दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवून या गाड्या रस्त्यावर ठेवल्या. त्यांचे हात लागले नसते तर आज तपासायलाही काही उरलं नसतं. नंबर घासून दुसरा ठोकणं मात्र अक्षम्य आहे. डायनामो पुन्हा शोधता येतो, पुसलेली ओळख परत आणता येत नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांतही पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो तो चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. सीटचं रेक्झिन कोणतं, हा त्यानंतरचा विषय.

मी मालकांना एकेक गोष्ट दाखवली. ते चिडले नाहीत. वडिलांनी इंजिन कधीतरी बदलल्याचं त्यांनाच आठवलं, आणि पुस्तकात नोंद करायची राहून गेली होती. किंमत त्या हिशेबानं उतरली आणि मित्रानं गाडी घेतली. नोंद त्यानं पहिल्याच महिन्यात करून घेतली. डायनामो तसाच ठेवला आहे. साइड व्हॉल्व्ह इंजिनासाठी आता दर शनिवारी तो कोलकात्याच्या मल्लिक बाजारात जातो, जुन्या पार्टांच्या दुकानांतून विचारत फिरतो, आणि टॉर्च घेऊन मीही त्याच्याबरोबर असतो.