उंबरठ्यावरील खुणा
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते. घराच्या श्रद्धेची नोंद उंबरठ्यावर, भिंतीवर आणि गोठ्यात असते. जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ही नोंद घरच्या लक्ष्मीने गेरू, चुना, हळद-कुंकू आणि पिठाने पिढ्यान् पिढ्या ठेवली आहे. त्या केवळ शोभेच्या खुणा नव्हेत.

दारावरील स्वस्तिक म्हणजे ‘सु अस्ति’, कल्याण असो. जुन्नरच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांत शिलालेखांजवळही हीच खूण कोरलेली दिसते.

ज्येष्ठा गौरींना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात त्या येतात तेव्हा मिटलेल्या मुठीची कड पिठाच्या पाण्यात बुडवून पाऊल उमटवतात आणि बोटाने पाच ठिपके देतात. ही पावले देवघराशी थांबत नाहीत. ती चुलीपाशी, धान्याच्या कोठीपाशी, गोठ्यापर्यंत जातात. जेथे कष्ट, तेथे लक्ष्मी, हाच त्यांचा अर्थ.

चातुर्मासात तेहतीस गोपद्मे काढतात. त्यात गाईच्या खुराला कमळाचा मान मिळतो. नागपंचमीला नागाचे चित्र काढून पूजतात आणि त्या दिवशी नांगर धरीत नाहीत. उंदीर खाऊन पीक राखणाऱ्या जिवाची ती कदर आहे. पोळ्याला बैलाच्या अंगावर उठणारे गेरूचे ठसे म्हणजे वर्षभराच्या कष्टांची पोचपावतीच होय.

मंदिराची रीतही निराळी नाही. जुन्या दगडी मंदिरांच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख कोरलेले असते. शंकराच्या आज्ञेने त्याने स्वतःचेच शरीर खाल्ले, केवळ मुख उरले, अशी कथा आहे. आत जाणाऱ्याने अहंकार बाहेर ठेवावा, हा त्याचा बोध.

दगडातील खूण शतके टिकते. घरची खूण मात्र सडासारवणाबरोबर पुसते आणि पुन्हा काढावी लागते. पीकपाहणी जशी हंगामागून हंगाम नव्याने, तशीच ही नोंद. आज माती जाऊन फरशी आली, दारावर छापील पावले चिकटली, अनेक गोठ्यांत बैलाच्या जागी ट्रॅक्टर उभा राहिला. काळाला दोष देऊन उपयोग नाही. पण छापील पाऊल एकदा चिकटवले की पुढच्या पिढीला मूठ कशी मिटावी हे शिकवायचे कोणी?

म्हणून कलशारोहणाच्या दिवशी प्रत्येक घराने आपला उंबरठा स्वहस्ते रेखावा. आजीने नातीबरोबर नातवालाही जवळ बसवावे. देवाचे घर सर्वांच्या देणगीतून उभे राहिले. माणसांच्या घरांवरील ही नोंद मात्र ज्याची त्यानेच ठेवायची आहे.