शेख, दोन स्पेलिंगांचा

कामगाराच्या पगारातून दरमहा 12 टक्के भविष्यनिर्वाह निधीत जातात, तेवढेच मालक घालतो. पूर्वी कारकून हे आकडे वहीतून उतरवायचा. आता हिशेबाच्या संगणकातून फाइल निघते आणि पुढच्या महिन्याच्या 15 तारखेआत निधीच्या संकेतस्थळावर चढते. सोय मोठीच. पण आमचं ‘शेख’ देवनागरीत एकच, रोमनमध्ये कुणी ‘एसएचए’ने सुरू करतो, कुणी ‘एसएचई’ने. पगारपत्रकात एक, आधारवर दुसरं. मग आधार जोडलं जात नाही, आणि 2021 पासून त्याशिवाय खात्यात भरणा होत नाही. ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याचे पैसे असे कापले गेले, पोचले मात्र नाहीत. कारकुनाने फाइल चढवण्याआधी माणसाला समोर बसवून नाव ताडून घ्यावं. आणि कामगारानं मोबाइलवर पासबुक दरमहा उघडावं.