‘औषध’ नव्हे, विष!



तुळजापूर तालुक्यात सोयाबीन व तुरीची पिके वर आली की घरोघरी पाठीवरचे पंप बाहेर निघतात. फवारणीच्या द्रवाला ‘औषध’ म्हणण्याचा गावोगाव प्रघात आहे. या सौम्य नावामुळे त्याचे खरे स्वरूप झाकले जाते.

मोनोक्रोटोफॉसचेच उदाहरण घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यंत घातक ठरविलेले हे कीटकनाशक मज्जासंस्थेवर आघात करते. घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात आणि अखेर श्वास कोंडतो. ते पोटातच जावे लागते असे नाही. भिजलेल्या सदऱ्यातून त्वचेवाटेही ते शरीरात शिरते.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्य शासनाने विदर्भातील पाच जिल्ह्यांत ज्या कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबविली, त्यांत मोनोक्रोटोफॉसही होते. त्याआधी, जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शालेय माध्यान्ह भोजनातून हेच विष पोटात गेले आणि २३ बालके प्राणास मुकली. हानी माणसापुरती राहत नाही. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात विषारी टोळ खाऊन हजारो ससाणे मेले. हे रसायन मधमाश्यांनाही मारक आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. परंतु आदेशाने घराच्या कोनाड्यातील जुनी बाटली नाहीशी होत नाही, आणि त्याच वर्गातील अन्य विषे वापरात आहेतच.

म्हणून प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. पंचायत सदस्यांनी रिकामे डबे विहिरी-ओढ्यांत पडू न देता ते फोडून वस्तीपासून दूर पुरण्याची व्यवस्था पाहावी. शिक्षकांनी वेष्टनावरील लाल त्रिकोणाचा अर्थ मुलांना समजावावा आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कीटकनाशकाचा डबा, रिकामा असला तरी, येऊ देऊ नये. कृषी कर्मचाऱ्यांनी हातमोजे, मुखपट्टी व वाऱ्याची दिशा यांचे महत्त्व बांधावर जाऊन पटवावे. विषबाधेची शंका येताच कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णाला बाटलीसह विनाविलंब रुग्णालयात न्यावे. बाटलीवरील नावावरून डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते.

पीक वाचावे, पण पिकविणारा आधी वाचावा. विषाला विष म्हणण्यापासून याची सुरुवात व्हावी.