भीतीवर उतारा

१९८६ साली मद्रासेत डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले एचआयव्ही-बाधित उजेडात आणले. पुढे इस्पितळांतून भीती पसरली. तिजवर उतारा एकच, शिक्षण. बाधिताच्या रक्ताची सुई परिचारिकेस टोचली, तरी संसर्गाचा संभव हजारांत सुमारे तीन असतो. जखम साबणपाण्याने धुवावी, पिळू नये. शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यावे. वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण लावू नये. प्रत्येकाच्या रक्ताविषयी सारखीच दक्षता बाळगावी. हे शिक्षण देण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने संस्थांवर घातले आहे. ते जिला लाभले, तीच परिचारिका अशा रुग्णाची नाडी निःशंकपणे हाती घेईल.