पांडवलेणी कोणी कोरली?

श्रोतेहो, नाशिकहून मुंबईच्या वाटेला लागलं, की आठेक किलोमीटरांवर एक डोंगर दिसतो. त्याचं नाव त्रिरश्मी. त्याच्या कपारीत चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. वनवासात पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला आणि काम अर्धंच राहिलं, अशी कथा सांगतात. सह्याद्रीत अशा कथा ठिकठिकाणी आहेत.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथं गेलो होतो. ही बौद्ध भिक्षूंची लेणी, असं सांगत असता शेजारी टेकलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "मास्तर, मंग आमचा आजा खोटं बोलला व्हय?"

प्रश्न बिनतोड होता. आजा खोटं बोलला नव्हता. लेण्यांच्या भिंतींवर सारा हिशेब लिहिलेला आहे. पण तो प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत. ती लिपी लोक विसरले. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली, तेव्हा भिंती बोलू लागल्या.

काय सांगतात त्या? तिसरं लेणं गौतमी बलश्रीचं. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं ते दान दिलं. दहावं लेणं नहपानाचा जावई उषवदात याचं. त्यानं विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमची ठेव ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजानं. वर्षाचे दोनशे चाळीस झाले. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा! मुदलाला हात लावायचा नाही.

पण दानी केवळ राजघराण्यातले नव्हते. एक लेणं मुगुदास नावाच्या कोळ्यानं सहपरिवार दिलं. चैत्यगृहाच्या दारावर तर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. एका गावाची, मंडळी!

हे कळल्यावर मला वाटलं, की कथेनं पांडवांना मोठेपणा दिला, पण तुमच्याआमच्यासारख्यांचं श्रेय तेवढं झाकलं गेलं. असं असलं तरी कथा टाकून देऊ नका. लिपी विसरल्यावरही हा डोंगर लोकांच्या मनात जागा राहिला, तो कथेमुळेच.

शिक्षकबंधूंनो, आपल्या गावच्या डोंगराची गोष्ट मुलांना आजोबांकडून लिहून आणायला सांगा. मग त्यांना डोंगरावर न्या आणि दगड काय सांगतो तेही दाखवा. आजोबाही खरे आणि दगडही खरा. दोघांची साक्ष वेगळी, एवढंच.