मधुमेह : रोग्याने शिकावयाचा आजार

(संस्थेच्या आरोग्य मार्गदर्शन शिबिरात दिलेले व्याख्यान)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत खाती सांभाळणारी आम्ही माणसे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण मधुमेहाचा बराचसा उपचार दवाखान्यात होत नाही, तो रोग्याच्या घरी होतो. डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून एकदा, दहा मिनिटे भेटतात. बाकीचे सारे दिवस काय खावे, किती चालावे, गोळी केव्हा घ्यावी, हे रोग्यालाच पाहावे लागते. म्हणून या आजारात समज हेच निम्मे औषध आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या वडिलांच्या पिढीने शेतात, गिरणीत, गोदीत अंगमेहनत केली. आम्ही शिकलो आणि खुर्चीवर बसलो. ही प्रगतीच आहे. पण अंगाची मेहनत थांबली आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या वेदना सोसत त्यांनी अखेरपर्यंत काम केले. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या व त्यांच्या पथ्याकडे, औषधाकडे लक्ष देत. त्या काळी घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. आज ते औषधाच्या दुकानात मिळते. डॉक्टर मात्र प्रत्येकाच्या घरात नसतो. म्हणून आपणच शिकले पाहिजे.

अन्नातील साखर रक्तात येते. ती पेशींत जाण्यासाठी स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन लागते. चाळिशीनंतर सहसा आढळणाऱ्या टाइप दोन मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि पुढे इन्सुलिन तयारही कमी होते. साखर रक्तात साचते व वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा पोखरते. सुरुवातीला दुखत काहीच नाही, हाच मोठा धोका.

आता तपासणीचे आकडे पाहू. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आली, आणि पुन्हा तपासूनही तसेच दिसले, तर मधुमेह समजतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बोटाच्या थेंबावरील साखर म्हणजे या घडीची शिल्लक, आणि एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून शिल्लक चांगली दाखविता येईल, सरासरी मात्र फसत नाही. बहुतेक रोग्यांनी ती ७ च्या खाली ठेवावी असे सांगतात. वृद्धांसाठी डॉक्टर वेगळा आकडा ठरवितात.

याचा उपयोग होतो काय? ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ या काळात पाच हजारांहून अधिक रोग्यांचा अभ्यास झाला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की साखर अधिक काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे व मूत्रपिंड यांसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

आता आपल्या घरांतील काही समजुती. रिपोर्ट चांगला आला की पुष्कळजण गोळी बंद करतात. रिपोर्ट चांगला येण्यात त्या गोळीचाही वाटा असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नये. गूळ आणि मध यांनीही साखर वाढते. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या चांगल्या नव्हेत. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ-वरणाचे आणि पाव ताट भाकरी किंवा भाताचे असावे. कारल्याचा रस गोळीची जागा घेत नाही. इन्सुलिनची सवय लागते, ही भीतीही खोटी आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, झपझप चालावे.

आमच्या भगिनींना खास विनंती. घरातील सर्वांची जेवणे आटोपून तुम्ही दुपारी तीनला जेवता आणि गोळी सकाळीच घेतलेली असते. काही गोळ्यांनी व इन्सुलिनने अशा वेळी साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली, साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. थेट दवाखाना गाठावा.

पायांचेही तसेच. आमच्या माहितीतील एक गृहस्थ वैशाखात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालले. त्यांना काहीच कळले नाही. संध्याकाळी तळव्यांवर फोड दिसले. रोज रात्री तळवे पाहावेत. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. तंबाखू आणि विडी सोडावी.

शेवटी एक सूचना. ब्रिटनमध्ये नव्या रोग्यांना सहा तास शिकविण्याचा 'डेसमंड' नावाचा प्रयोग झाला. २००८ सालच्या त्याच्या निष्कर्षांत वजन थोडे अधिक घटले, धूम्रपान सुटण्याचे प्रमाण वाढले, आजाराची समजही वाढली. पण साखरेच्या सरासरीत फरक पडला नाही. याचा बोध आम्ही असा घेतो, की एका शिबिराने भागत नाही, शिक्षण चालू राहावे लागते. संस्थेने दर महिन्याला एक तास यासाठी ठेवावा. आणि विद्यार्थी मित्रहो, आई-वडिलांचे रिपोर्ट कपाटात पडले आहेत. आज घरी गेल्यावर ते काढा, तारखेप्रमाणे लावा आणि त्यांना वाचून दाखवा. तुमच्या शिक्षणाचा पहिला लाभ त्यांना मिळू द्या.